डूल घातलेले उंदीर

सुरगाण्याकडच्या जंगलात हर्षाली मॅडम रानउंदरांचा अभ्यास करायला आल्या, तेव्हा वाट दाखवायला त्यांनी सहादूला घेतलं. ढोलीत राहणारा, पांढऱ्या शेपटीचा तो उंदीर कुठल्या झाडात असतो, ते त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. सांजेला पिंजरे लावायचे, सकाळी सापडेल त्याला तोलायचं, कानात बारीक बिल्ला अडकवून त्याच झाडाखाली सोडायचं.

पहिल्याच दिवशी मॅडमनी विचारलं होतं, "सहादूदादा, इथले लोक हा खातात का हो?"

"छे! असलं कोण खातंय?"

नाशिकच्या शिकल्यासवरल्या बाईपुढं उंदीरखाऊ ठरायला नको, म्हणून तो बोलून गेला. आदल्या दिवशीच त्यानं घरी चुलीत भाजलेला खाल्ला होता. मॅडमनी मात्र त्याचं बोलणं वहीत लिहिलं.

होळीपर्यंत बिल्ल्याचे अकरा उंदीर गायब झाले. "रोगाची साथ असणार," मॅडम म्हणाल्या. सहादू मान खाली घालून पिंजऱ्यात शेंगदाणे ठेवत राहिला. आपल्या एका शब्दानं बाईच्या दोन महिन्यांच्या मेहनतीवर बोळा फिरतोय, हे कळत होतं; तोंड मात्र उघडेना.

अहवाल धाडायच्या आदल्या दिवशी मॅडम घरी चहाला आल्या. साथीचं नाव निघताच सहादूची आई कुसाबाई खो खो हसली.

"कसली साथ गं बाय? आम्हीच खाल्ले! तुझ्या दादानंबी हाणले दोन." तिनं तंबाखूच्या डबीतले बिल्ले त्यांच्या हातावर ओतले. "म्हनलं, उंदरांना डूल कोनी घातले!"

मॅडमनी बिल्ल्यांचे नंबर वहीशी ताडून पाहिले. "आजी, हे नऊच आहेत. आणि सगळे नरच कसे?"

"दोन घुबडानं नेले आसतील. आन् माघापासून चैतापतुर माद्या पोटुश्या आसत्यात, त्या सोडून द्यायच्या. चुकून धरली तर सासू हातावर मारायची माझ्या."

"दोन महिने मी हेच शोधतेय, यांची वीण कधी ते!" मॅडमनी वहीतली पहिल्या दिवसाची ओळ खोडली. सहादूला एका शब्दानंही विचारलं नाही, तेच त्याला जास्त लागलं. "आजी, माहिती तुमची. पूर्ण नाव काय लिहू?"

"ह्यालाच इचार." कुसाबाईनं मान खाली घातलेल्या लेकाकडं बोट केलं. "उंदीर खानाऱ्या आईची लाज वाटत नसंल तर सांगंल."

मॅडम पेन धरून थांबल्या. सहादूनं आईचं नाव सांगितलं, पण वर बघून नाही.