गच्चीवरचं खोल पाणी

आमच्या जालन्यात पाणी टँकरनं येतं, आणि शेजारच्या साहेबांची चक्क शिडाची होडी आहे, कोकणात. तिच्या मागच्या भागात जागा फार कमी, म्हणून तेवढा भाग त्यांनी गच्चीवर खडूनं बराबर मापात आखलाय. रोज संध्याकाळी त्यात बसून ते सामान लावून बघतात. गॅसचा सिलिंडर बाकड्याखाली सरकवतात, पाण्यात उतरायची शिडी उभी करून तिचाच कठडा करतात.

परवा तिथं चहा पिता पिता मी सहज रेषेबाहेर पाय टाकला. त्यांनी झटकन माझा दंड धरला.

"अहो, मागं व्हा! पाण्यात चाल्ले तुम्ही."

मी हसलो. ते हसले नाहीत. "लई खोल हाये तिथं," म्हणाले, आणि मला रेषेच्या आत ओढलं.

मी अंग चोरून आत बसलो. चहा कधीच संपला होता. पण जिना पाण्याच्या पलीकडं होता, आणि मला उठायची हिंमत होईना.