अंशाची खूण

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आणि धाकट्या बहिणीलाही नाही — तिच्या पोटात तीळ भिजत नाही हे माहीत असूनही बाकी सगळं मी तिला सांगत आले, तरीही. तुम्ही म्हणाल, सांगण्यासारखं त्यात आहे तरी काय? कागदावर काढलेला एक गोल. मोहरीच्या दाण्याएवढा, काळ्या बॉलपेनने. चौतीस वर्षं मी रत्नागिरीत अकरावी-बारावीला गणित शिकवलं, फळ्यावर किती वर्तुळं काढली त्याला गणती नाही. त्यातलं एकही आठवत नाही. हा गोल मात्र आठवतो.

थांबा — आधी मी कशी होते ते सांगायला हवं.

मी फटकळ. सहकाऱ्यांच्या प्रश्नपत्रिकांतल्या चुका शोधणं हा माझा छंद होता. शोधून गप्प बसले असते तर एक वेळ ठीक, पण मी त्या चहाच्या वेळी स्टाफरूममध्ये मोठ्याने वाचून दाखवायचे. एका सरांच्या त्रिकोणाच्या कोनांची बेरीज एकशे नव्वद झाली होती. महिनाभर मी त्यांना 'एकशे नव्वद' म्हणूनच हाक मारली. बिचारे हसायचे. माझ्या पेपरात चूक नसायचीच. आमचे उपप्राचार्य म्हणायचे, मॅडमचा पेपर म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. हे ऐकून मी वर वर 'कसलं हो' म्हणायचे, आणि घरी जाईपर्यंत तेच मनात घोळवायचे.

आणि ह्या सगळ्याखाली आणखी एक गोष्ट होती. ती सांगायला जास्त जड जाते. मला रेडियन कळलं नव्हतं.

हसू नका. गणितं मी सोडवायचे, अचूक सोडवायचे. एकशे ऐंशी अंश म्हणजे पाय रेडियन, पाठ करा, पुढे चला — असं मी पंधरा वर्षं शिकवलं. कोन मोजायला अंश असताना ही दुसरी भानगड कुणी आणि कशाला काढली, हे मला कधी उमगलंच नव्हतं. विचारायचं कुणाला? चूक काढणाऱ्या बाईने अडलेलं विचारायचं असतं का?

दर्शनाने विचारलं. पहिल्याच तासाला.

पावसकडची मुलगी. वडील तिथल्या एका आंब्याच्या बागेत राखणदार, घर बागेतच. मराठी शाळेतून आलेली, त्यामुळे अकरावीच्या इंग्रजीपुढे अडखळायची, पण गणितात तिचं डोकं असं चालायचं की मला — हो, आता लपवून काय उपयोग — मला तिची धास्ती वाटायची. उभी राहून म्हणाली, "मॅडम, अंश असताना रेडियन कशाला?" मी म्हटलं, "अभ्यासक्रमात आहे म्हणून." वर्ग हसला. तीही हसली आणि खाली बसली.

वार्षिक परीक्षेत मी चार गुणांचा एक प्रश्न घातला होता. एकक वर्तुळ काढून त्यावरून साइन ३० ची किंमत दाखवा. एक त्रिज्येचं वर्तुळ, त्यात तीस अंशाचा कोन, कडेवरच्या बिंदूची उंची अर्धी — उत्तर एक छेद दोन. सगळ्या वर्गाने तेच लिहिलं. दर्शनाने लिहिलं, उत्तर ऋण आहे, उणे एकच्या अगदी जवळ.

वर्तुळाऐवजी तिने विहिरीवरचा रहाट काढला होता, दोरासकट. इंग्रजी अपुरं पडलं असावं, म्हणून बाजूला सरळ मराठीत लिहिलं होतं. रहाटाच्या मध्यापासून कडेपर्यंत जेवढं अंतर, तेवढाच दोर ओढला की रहाट जेवढा फिरतो तो एक रेडियन. पूर्ण फेरीला अशा सहा लांब्यांहून थोडा जास्त दोर लागतो. तीस लांब्या ओढल्या तर चार फेऱ्या पुऱ्या होतात आणि पाचवी पाऊण फेरीच्या जरा पुढे जाते. म्हणजे कडेवर उजवीकडे केलेली, आधी वर चढणारी खडूची खूण आता जवळजवळ तळाला आली. मध्याच्या खाली, म्हणून उणे.

मी लाल फुली मारली. शून्य. आणि शेजारी लिहिलं — वाह्यातपणा.

उत्तरपत्रिका दाखवायच्या दिवशी ती मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये आली. उपप्राचार्य तिथेच बसले होते. हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, प्रश्नात तीसवर अंशाची खूण नाय. खूण नसली की रेडियन समजायचं, असं तुम्हीच सांगितलंत ना?"

सांगितलं होतं. पुस्तकात होतं, ते वाचून दाखवलं होतं. मी म्हटलं, खूण आहे, तुझी झेरॉक्स फिकी आली असेल. ती म्हणाली, चौघींच्या प्रती बघितल्या, एकीतही नाय. उपप्राचार्यांना काहीच संशय नव्हता. ते सहज म्हणाले, "मूळ प्रत आहे ना कपाटात? उद्या दाखवून टाका तिला. पोरीचं समाधान होईल."

दुपारी स्टाफरूम रिकामी झाल्यावर मी कपाट उघडलं. मूळ प्रतीतही खूण नव्हती. संगणकावर टाइप करणाऱ्याची चूक म्हणावं, तर माझ्या हस्ताक्षरातला कच्चा कागद मागेच टाचलेला होता — त्यातही नव्हती. चूक माझी, शंभर टक्के माझी.

मग मी कॅल्क्युलेटर काढला. हे मुद्दाम सांगते आहे, कारण मला ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय मला ठेवायची नाही. रेडियनवर लावला. साइन, तीस. उणे शून्य पूर्णांक नऊ आठ आठ. तिने कॅल्क्युलेटरशिवाय, विहिरीच्या रहाटावरून, तिथपर्यंत उत्तर आणलं होतं. मी तिचं चित्र पुन्हा पाहिलं, आणि पंधरा वर्षांत न कळलेलं मला त्या क्षणी कळलं. रेडियन म्हणजे ओढलेला दोर! चाक फिरतं आणि दोर सरकतो, त्या दोन्हींना एकाच आकड्यात धरणारं माप. एवढं सोपं. मला आनंद झाला, खरंच झाला. आणि त्याच आनंदात — कसं सांगू — मी पेन उचललं आणि मूळ प्रतीवर तीसच्या डोक्याशी तो गोल काढला. कच्चा कागद टाचणीतून सोडवला, फाडला, पर्समध्ये घातला.

काय गेलं असतं माझं? स्टाफरूममध्ये चार दिवस हसले असते. 'एकशे नव्वद' सरांनी हक्काने चहा मागितला असता. बस.

दुसऱ्या दिवशी उपप्राचार्यांसमोर मी ती प्रत तिच्या हातात दिली. ते म्हणाले, "झेरॉक्समध्ये बारीक खूण उडते कधी कधी." दर्शनाने कागद बराच वेळ पाहिला. मग अंगठा कागदाच्या मागच्या बाजूने फिरवला, बरोबर त्या जागी. बॉलपेनने दाबून गोल काढला की मागे उठाव येतो. छापलेल्या अक्षराला येत नाही. तिचा अंगठा तिथे थांबलेला मी पाहिला.

तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. तिला माझी लाज वाटली असावी — माझ्यासाठी वाटली असावी. कागद टेबलावर ठेवून म्हणाली, "चुकलं माझं, मॅडम."

मी म्हटलं, "पुढच्या वेळी नीट वाचत जा."

असं म्हटलं मी. तोंड वर करून म्हटलं.

त्या वर्षी कॉलेजातून एका विद्यार्थ्याला पुण्याच्या गणिताच्या शिबिराला पाठवायचं होतं, दोन आठवडे, राहण्याजेवणासकट. गणितातल्या वार्षिक गुणांवर निवड होती. दर्शनाला तीन गुण कमी पडले. प्रश्न चारचा होता, हे तुमच्या लक्षात असेलच. जो मुलगा गेला तो चांगलाच होता, त्याचा काही दोष नाही. जून उजाडला, आणि तिने शाखा बदलून कला शाखेत जायचा अर्ज केला. वर्गशिक्षिका म्हणून अर्ज माझ्याकडे आला. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं — गणित झेपत नाही. मी सही केली. एकदा बोलावून विचारावं, एवढंही केलं नाही. खरं तर सुटल्यासारखं वाटलं मला.

इथवर सांगून थांबले असते तर तुम्ही म्हणाला असतात, बाई घाबरली, माणूसच आहे. पण पुढचं ऐका.

त्यानंतर मी रेडियन रहाटावरून शिकवायला लागले. वर्गात लाकडी चाक आणलं, सुंभ आणला, मुलांना ओढायला लावलं. मुलांना कळायचं. देवरूखला शिक्षकांच्या प्रशिक्षणात त्यावर पाठ घेतला, टाळ्या पडल्या. हे सुचलं कसं, असं कुणीतरी विचारलं, तर मी म्हटलं, "आमच्या कोकणात विहिरी काय कमी आहेत?" सगळे हसले. पुढे लोक मला रहाटवाल्या मॅडम म्हणायला लागले. निरोप समारंभात त्या चाकाला हार घातला होता. नवऱ्याने त्याचा फोटो बैठकीत लावला आहे, टीव्हीच्या वर. रोज दिसतो.

दर्शनाचं नाव मी कुठेही घेतलं नाही. इतकी वर्षं. एकदाही नाही.

गेल्या मोसमात आंबे आणायला मी पावसला गेले होते. ओळखीतून एका बागेचा पत्ता मिळाला होता. पडवीत एक बाई पेंढा घालून पेटी भरत होती. तिने मान वर केली आणि मी ओळखलं. तिनेही ओळखलं. "मॅडम, बसा ना," म्हणाली, आणि पदराने खुर्ची पुसली. आतून तिची मुलगी पाणी घेऊन आली. अकरावीला, विज्ञानाला. ह्या आपल्या गणिताच्या मॅडम, असं दर्शनाने सांगितल्यावर मुलीचे डोळे मोठे झाले.

"म्हणजे रहाटवाल्या मॅडम? आमचे सर तुमच्याच पद्धतीने शिकवतात! आई, तू त्यांच्याकडे शिकलीस नि मला कधी बोलली नाहीस?"

दर्शना पेटीत आंबे लावत होती. देठ खाली, एकेक. म्हणाली, "शिकले ना. ह्यांच्याकडेच शिकले."

मुलगी हसत माझ्याकडे वळली. "पण आईला गणित अजिबात येत नाय हो, मॅडम. काही विचारायला गेलं की म्हणते, मला नको विचारू, मला कुठलं झेपायला."

दर्शनाने पेटीत पेंढ्याचा आणखी एक थर घातला. पडवीतून विहीर दिसत होती. आता तिच्यावर पंप आहे, पण रहाट कुणी काढलेला नाही, गंजून तसाच आहे. त्या वेळी मला बोलता आलं असतं. कुणी अडवत नव्हतं, ऐकायला तिघीच होतो. तिच्या मुलीसमोर एक वाक्य पुरलं असतं. मी भांडं खाली ठेवलं, आंबे कधी पिकतील ते विचारलं, पेटी घेतली आणि रिक्षात बसले. दर्शना रिक्षापर्यंत पोचवायला आली. पेटी हलू नये म्हणून बाजूला गोणपाट खोचून दिलं.

तिची मुलगी अजून तसंच समजते — आईला गणित येत नाही, आणि रहाट मॅडमना सुचला.

प्रश्नात अंशाची खूण नव्हती. ती मी नंतर काढली. दर्शनाचं उत्तर बरोबर होतं, आकृतीही बरोबर होती. चारपैकी चार.