वन्संची खुरपणी

आमच्या वन्संना 'चुकलं' म्हणायची सवय नाही. माझ्या नवऱ्याची ही थोरली बहीण. लग्न केलं नाही, सगळा जन्म कापडगिरणीत गेला, तागे तपासण्यात. कुठे धागा तुटलाय, कुठे गाठ राहिलीय, ते शोधायचं आणि खडूनं खूण करायची, हे त्यांचं काम. गिरणी सुटली तरी नजर तीच. माझ्या घासलेल्या भांड्यांत, माझ्या काढलेल्या केरात, माझ्या मुलांच्या भांगात त्यांना दोष सापडतोच. मीही काही गप्प बसणाऱ्यांतली नाही, पण त्यांच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की माझं काय चालणार?

घरामागची बाग त्यांची. वसंत सरत आला की बाईंना जेवायचीसुद्धा शुद्ध नसते. कोवळ्या रोपांना रोज थोडं थोडं ऊन दाखवायचं, दाट उगवलेली विरळ करायची, तण काढायचं, वेलांना काठ्या रोवायच्या, ऊन तापायच्या आत मुळांशी पाचोळा पसरायचा. मला तर ते बघूनच दमायला होतं. पण त्यांच्या टोमॅटोच्या रोपांसाठी सगळी गल्ली थांबलेली असते. दरसाल त्या एका वाफ्यात बी पेरतात, रोपं वीतभर झाली की एका सकाळी सगळ्यांना बोलावतात आणि घरटी वाटतात. मग उन्हाळाभर ह्याच्या खिडकीत, त्याच्या गच्चीत वन्संचेच टोमॅटो. गल्लीत त्यांना मान आहे तो ह्या रोपांमुळे, नाहीतर त्या जिभेला कोण विचारतो?

यंदा त्यांची नजर अधू झालीय, हे मला कळत होतं. सुईत दोरा मला ओवायला लावायच्या आणि वर म्हणायच्या, "हल्लीच्या सुयांची भोकंच बारीक." डॉक्टरचं नाव काढलं की ऐकवायच्या, "केसाएवढा दोष पकडलाय मी गिरणीत. मला नको शिकवूस."

वाटपाच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी वाफा शेवटचा खुरपून घेतला. सकाळी माणसं जमली, कोणी डबा घेऊन, कोणी फुटका मग. बघतो तर वाफ्यात जिकडेतिकडे उघडी माती. मधूनमधून काहीतरी हिरवं उभं होतं, पण ते कोणी नीट पाहिलंही नाही. सगळे वन्संकडे बघत होते. त्यांनी वाकून मातीवरून हात फिरवला आणि सरळ शेजारच्या कुंपणाकडे वळल्या.

तिथे पोस्टमनभाऊ उभे होते. रोपासाठी तेही रिकामा डबा घेऊन आले होते. निवृत्त माणूस, घरात एकटा. बायको गेली, तिनं हौसेनं पाळलेल्या कोंबड्या तेवढ्या मागे राहिल्या. भाऊ अंगणात पायरीवर बसून त्या कोंबड्यांशी गप्पा मारायचे आणि आम्ही आत हसायचो. कोंबड्या कधीमधी तारेखालून आमच्याकडे यायच्या, हे खरं.

"भाऊ, ही तुमच्या लाडक्यांची करणी," वन्सं म्हणाल्या. "सांभाळता येत नाहीत तर पाळता कशाला? बायको गेली, तिच्याबरोबर तुमचं माणसांत राहायचं भानही गेलं."

एवढं बोलायला नको होतं. मलाच कसंतरी झालं. भाऊंनी वाफ्याकडे पाहिलं, वन्संकडे पाहिलं आणि म्हणाले, "चुकलं, ताई." दुसऱ्या दिवशी त्यांचं अंगण सुनं झालं. कोंबड्या लांबच्या बहिणीकडे पोचवून आले. वन्सं जेवताना म्हणाल्या, "आधीच करायला हवं होतं."

वन्सं उपटलेलं तण फेकत नाहीत. ते उन्हात सुकवतात आणि तेच मुळांशी पसरतात. तसं त्या परवा वांग्यांच्या मुळाशी पसरत होत्या. मी कपडे वाळत घालत होते. बघितलं तर बाई फतकल मारून बसलेल्या आणि मूठ नाकाशी धरलेली.

"वहिनी, इकडे ये. हे काय आहे सांग."

मला झाडांतलं ओ की ठो कळत नाही, पण टोमॅटोच्या पाल्याचा वास कोणालाही कळेल. सुकलेली, मुळांसकट अलगद उपटलेली रोपं होती ती. टोपलीत तीच भरलेली. कोंबडी उकरते, तुडवते. ती काही रोपं उपटून टोपलीत नीट रचून ठेवत नाही. मी टोपलीकडे बघितलं, मग त्यांच्याकडे.

"म्हणजे वाफ्यात मी तण ठेवलं," त्या म्हणाल्या. त्यांचा चेहरा मला बघवेना.

मी म्हटलं, "जाऊ द्या, वन्सं. झाकली मूठ सव्वा लाखाची. कोणाला कळतंय?"

"मला कळलंय ना. अख्ख्या गल्लीसमोर मी त्या माणसाची बायको काढली." त्यांनी माझा हात धरला. उठायला आधार म्हणून असा हात त्यांनी पूर्वी कधी धरला नव्हता. "चल माझ्याबरोबर. एकटीनं जायला मला तोंड नाही."

भाऊंनी दार उघडलं. वन्संनी मूठ उघडून तो पाला दाखवला. मान वर होत नव्हती.

"भाऊ, माझं चुकलं. कोंबड्यांनी नाही, मीच उपटली. मला दिसत नाही."

"माहीत आहे मला, ताई," भाऊ म्हणाले. "त्या संध्याकाळी मी खिडकीतच होतो. मला वाटलं, विरळणी चाललीय. सकाळी वाफा बघितला तेव्हा उलगडा झाला."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"एवढ्या माणसांत काय सांगणार? ताईंना दिसत नाही म्हणून?"

वन्संना मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग एकदम घाई करत म्हणाल्या, "कोंबड्या परत आणू या. मी येते तुमच्याबरोबर. तुमच्या बहिणीला मी सांगते, सगळं सांगते. आजच जाऊ."

भाऊंनी रिकाम्या अंगणाकडे पाहिलं.

"बहिणीकडे पाहुणे आले होते जेवायला, ताई," ते म्हणाले.

वन्संना आधी कळलंच नाही. कळलं तशी हातातला पाला खाली पडला.

"तिची काही चूक नाही. मीच सांगितलं नव्हतं, हिच्या होत्या म्हणून," भाऊ म्हणाले. "बसा तुम्ही. चहा टाकतो." आणि आत गेले.

वन्सं उंबऱ्यावरच बसल्या. आत स्टो पेटल्याचा आवाज आला, कपबशा वाजल्या. त्यांनी माझा पदर धरून मला खाली ओढलं.

"वहिनी, त्यांना सांग, चहा नको म्हणावं," त्या म्हणाल्या. "बोला म्हणावं मला. तिथेच, वाफ्यापाशी, सगळ्यांना बोलावून बोला म्हणावं."