दुसऱ्या निगेटिव्हमधले आबा

वर्तमानपत्रात बरीच वर्षं काढल्यामुळे एक सवय लागली आहे. कोणी भुताखेताची हकिकत सांगू लागला की मी तीनच प्रश्न विचारतो – तुम्ही स्वतः पाहिलंत का? किती वाजले होते? सोबत कोण होतं? बहुतेक हकिकती दुसऱ्या प्रश्नाला संपतात. पुढची हकिकत माझी स्वतःची आहे आणि ती तिन्ही प्रश्नांना पुरून उरली आहे, म्हणून लिहितो. नावं बदलली आहेत.

१९८७ चा मे महिना. मी जळगावच्या एका दैनिकात उपसंपादक होतो. सिद्धार्थ आमचा मुद्रितशोधक, राहायला पिंप्राळ्यात. एका सकाळी साडेआठला तो सायकलवरून माझ्या घरी आला.

"भाऊ, आबा गेले. पहाटे पाच वाजता. डॉक्टर येऊन पाहून गेले. तुमचा तो कॅमेरा घेऊन चला. आबांचा एकही फोटो नाही."

आबा म्हणजे त्याचे वडील. सगळं आयुष्य कापसाच्या जिनिंगमध्ये गेलं, फोटो काढायची वेळ कधी आलीच नाही. पाचव्या दिवशी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. बुद्धमूर्तीजवळ टेबलावर आबांचा फोटो ठेवायचा, तर फोटो हवा. त्या दिवशी लग्नाची दाट तीथ होती, गावातले सगळे फोटोग्राफर मांडवात. आमच्या दैनिकाचा फोटोग्राफर चाळीसगावला गेलेला.

माझा कॅमेरा जपानी, पन्नास-एक्कावन्न सालचा, घडीचा. बटण दाबलं की पुढचं झाकण खाली पडतं आणि चामड्याच्या भात्यावर लेन्स बाहेर येते. तशा बनावटीचा दुसरा कॅमेरा मी खानदेशात कोणाकडे पाहिला नाही. आधीच्या मालकाबद्दल सांगण्यासारखं काही नाही – एक निवृत्त ओव्हरसियर, ते हयात होते आणि सुखात होते. या कॅमेऱ्यावर मी आधी आणि नंतरही रोल काढले. कशातही काही निघालं नाही.

आमच्याकडे तेव्हा एक रीत होती. हयातीत फोटो नसेल तर मयताला आंघोळ घालून, नवा सदरा चढवून खुर्चीवर बसवायचं आणि फोटो काढायचा. मग रिटचिंग करणारा निगेटिव्हवर पेन्सिलीने डोळे उघडून द्यायचा. धुळ्याला एक नाना होते, या कामात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. डोळ्यांसाठी ते मुलाचा किंवा भावाचा फोटो मागायचे. डोळे घराण्याचे असतात, असं त्यांचं म्हणणं.

मी पोचलो तेव्हा दहा वाजले होते. पत्र्याचं घर, उजेड फक्त दारातून. आबांना खुर्चीवर बसवलं होतं, अंग ताठू लागलं होतं म्हणून पाठीशी गादी गुंडाळून लावलेली. शेजारची एक म्हातारी त्यांचा भांग पाडत होती. रडता रडताच म्हणाली, "जिता होता तवा कंगवा लावू देत नव्हता. आज पाहा कसा गुमान बसला."

कोणीतरी हसलं. सिद्धार्थची आईसुद्धा हसली.

उजेड कमी, म्हणून मी कॅमेरा स्टँडवर लावला आणि शटर दोन सेकंद उघडं ठेवायचं ठरवलं. पहिला फोटो एकट्या आबांचा. दुसरा घरच्यांसोबत – मागे सिद्धार्थ, त्याची बायको, त्याची आई. मी म्हणालो, "सगळ्यांनी इकडे बघा. हलू नका." त्यांनी लेन्सकडे पाहिलं. मी मनगटावरच्या सेकंदकाट्याकडे पाहत होतो. म्हणजे त्या दोन सेकंदांत आबांकडे कोणीच पाहत नव्हतं. हे माझ्या फार नंतर लक्षात आलं.

शटर मिटल्यावर मी मान वर केली. आबांचे डोळे बंद होते. त्यांना खाली निजवताना एक खांदा मी धरला होता. तो गार होता. बारा वाजता त्यांना नेलं.

रात्री रोल धुतला. दुसऱ्या दिवशी निगेटिव्ह आणि सिद्धार्थचा पासपोर्ट फोटो घेऊन एसटीने धुळ्याला गेलो. नानांनी पहिली निगेटिव्ह काचेवर ठेवली, खालून दिवा लावला, मान हलवली. मग दुसरी ठेवली. भिंग लावलं.

"भाऊ, याना डोया ते उघडाच शेतस. मन्हं काम काय?"

मी भिंगातून पाहिलं. उघडे होते. नजर थेट लेन्सवर.

पहिल्या फोटोत बंद, दुसऱ्यात उघडे. फिल्म पुढे सरकवायची राहून एकावर एक फोटो पडला असेल, ही शंका मी आधी तपासली. तसं काही नव्हतं. नानांनी आणखी एक गोष्ट दाखवली. दोन सेकंदांत जिवंत माणूस थोडा तरी हलतोच – सिद्धार्थ, त्याची बायको, आई, तिघांच्या कडा पुसट होत्या. आबा मात्र पापणीच्या केसापर्यंत रेखीव.

"जिता माणूसना असा फोटो येस नही," नाना म्हणाले. मग म्हणाले, "मरेल माणूसनाबी येस नही."

त्यांनी पेन्सिल उचललीच नाही. बाकीचे तिघे झाकून फक्त आबांचा चेहरा मोठा करून दिला, आणि पासपोर्ट फोटो मला परत दिला.

येताना एसटीत एकच विचार होता... सिद्धार्थला काय सांगायचं? खरं सांगितलं तर तो पहिला प्रश्न काय विचारील, हे मला ठाऊक होतं. मी सांगितलं, डोळे नानांनी काढले.

कार्यक्रमाला त्याची आई फोटोपुढे बराच वेळ बसली. "असेच बघायचे," म्हणाली. लोकांनी नानांच्या हाताची तारीफ केली. मी ऐकून घेतली. नंतर सर्टिफिकेट देणाऱ्या डॉक्टरांना गाठलं. ते म्हणाले, बसवल्यावर पापण्या ओढल्या जाऊ शकतात. मग लगेच पुन्हा मिटल्या कशा? त्यावर ते म्हणाले, "मी नाडी नीट पाहिली होती." हे मी विचारलं नव्हतं.

दोन वर्षांनी एका संध्याकाळी ऑफिसात सिद्धार्थ प्रूफं बाजूला सारून माझ्या टेबलाशी आला.

"भाऊ, नानांनी डोळे माझ्या फोटोवरून काढले ना?"

"हो."

"आबांच्या डाव्या डोळ्यात फूल होतं. सरकी उडून लागली होती, माझ्या जन्माआधी. माझ्या डोळ्यात नाही."

फोटोत डाव्या बुबुळावर एक पांढरा ठिपका आहे. मी त्याला धूळ समजत होतो.

"मीच सांगितलं होतं नानांना," मी म्हणालो.

"तुम्ही आबांना जिवंतपणी कधी पाहिलं होतं?"

पाहिलं नव्हतं. त्याने आवाज खाली आणून विचारलं, "आपण घाई तर नाही ना केली, भाऊ?"

"डॉक्टरांनी तपासलं होतं, सिद्धार्थ."

तो माझ्याकडे पाहत उभा राहिला. मग "हो, तपासलं होतं" म्हणाला आणि जागेवर जाऊन बसला. पुन्हा त्याने कधी विषय काढला नाही. फोटो त्याच्या घरी भिंतीवर आहे. मी गेलो की तो माझी खुर्ची फोटोकडे पाठ करून मांडतो, कधी न विसरता.

घाई झाली होती का... मला माहीत नाही.