चालेलकाकांचा भिडस्त प्रोग्राम

ऑफिसात त्यांना सगळे ‘चालेलकाका’ म्हणत, कारण ‘नाही’ हा शब्द त्यांच्या जिभेवर येतच नसे. त्यांनी लिहिलेला सफाईचा प्रोग्रामही तसाच भिडस्त निघाला. फोल्डरचा पत्ता दिला की तो फोल्डर रिकामा करायचा. पत्ताच दिला नाही, तर त्यात वापरलेलं, ‘सी’ या संगणकीय भाषेच्या लायब्ररीतलं एक तयार फंक्शन तक्रार न करता एक टिंब परत द्यायचं, आणि टिंब म्हणजे आपण आत्ता आहोत तोच फोल्डर. काकांनी ते टिंब निमूट चालवून घेतलं होतं.

प्रोग्राम पसंत पडला नाही, तर काम दुसऱ्या विभागाकडे जाणार होतं. साहेबांनी तो स्वतःच्या फोल्डरात, पत्ता न देताच चालवला.

“अहो, माझं दुपारचं भाषण कुठे गेलं?”

काकांनी वाकून स्क्रीनवर पाहिलं. “साफ झालं, साहेब.”

“काका, पत्ता नसेल तर सरळ नकार द्यायला शिकवा हो त्याला!” शेजारच्या टेबलावरच्या बाई खिदळल्या. काकांनी घाईघाईने प्रोग्राममध्ये तेवढी ओळ घातली.

दुपारी साहेब दोनच वाक्यं बोलून खाली बसले आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना टाळ्या पडल्या.

“काम तुमच्याकडेच राहू दे,” ते काकांच्या कानाशी पुटपुटले, “पण ती नवी ओळ काढून टाका. पुढच्या महिन्यात पुन्हा भाषण आहे.”