मेंढीला हळद लागली: वडूज ते सांगली

सांगलीच्या एका महाविद्यालयातलं फ्लुरोसन्सचं, म्हणजे चमक मोजायचं यंत्र मला एका दिवसापुरतं मिळालं आणि वडूजहून निघायचं ठरलं. मी रसायनशास्त्र शिकवते, सोबत पीएच.डी. करते. दुखण्यावरचं एक औषध मेंढीच्या रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला किती चिकटतं, हा माझा विषय. प्रथिनावर अतिनील प्रकाश टाकला की ते मंद उजळतं. औषध चिकटलं की ती चमक उतरते. ती उतरण मोजायची.

रक्त म्हसवडजवळचे मेंढपाळ धुळाप्पा यांच्या मेंढीचं. जनावरांच्या डॉक्टरांनी ते काढून दिलं, मी प्रथिन वेगळं करून बर्फाच्या डब्यात ठेवलं. निघायच्या सकाळी धुळाप्पा मेंढीसकट स्टँडवर हजर. ती लंगडत होती आणि डॉक्टरांच्या औषधाचा गुण येत नव्हता.

"हिचं रगत तपासायचं आन् हिलाच घरी ठिवायचं? बरं दिसत न्हाई म्याडम," ते म्हणाले.

एसटीच्या कंडक्टरने मेंढी घेतली नाही. सांगलीला हळद भरायला निघालेली पिकअप मिळाली. माणशी दोनशे, मेंढीचे ड्रायव्हरने घेतले नाहीत. मायणी, विटा, तासगाव असा रस्ता. चहा विट्यात घ्या, पुढे ऊन वाढतं. सांगलीत ड्रायव्हरने आधी मार्केटात पोती भरली, मग आम्हाला सोडलं. तोवर आम्ही तिघं त्या पोत्यांवर बसून. उतरलो तेव्हा मेंढी पिवळी झाली होती. मी नुसत्या पाण्याने हात धुतले.

गेटवर वॉचमनने अडवलं. "ओळखपत्राशिवाय आत सोडत न्हाई."

"कानात बिल्ला हाय की तिच्या," धुळाप्पा म्हणाले. वॉचमनने बिल्ल्याचा नंबर रजिस्टरात उतरवला आणि मेंढीला आत सोडलं. बाहेर बांधली असती तर तिने बाग खाल्ली असती, म्हणून ती यंत्राच्या खोलीतच आली.

आलेख इतका देखणा आला की मला भरून आलं. औषध टाकलं तशी चमक धाडदिशी उतरली. दोन वर्षं अडकलेलं प्रकरण सुटलं असं वाटलं. भडंग खात धुळाप्पांनी विचारलं, "चमक म्हंजी कशी असती?" यंत्र सांभाळणाऱ्या बाईंनी खोलीतला दिवा बंद केला आणि हातातला अतिनील दिवा लावला.

मेंढी हिरवट पिवळी पेटली. शेपटीपर्यंत. धुळाप्पांनी पायताण काढलं.

"हळद आहे ती," मी म्हटलं. "या उजेडात चमकते."

"लगीन न्हाई, काय न्हाई, आन् हळद लागली व्हय हिला?"

मी हसले, आणि मग माझी बोटं दिसली. तीही चमकत होती. औषधाची बाटली चमकत होती. माझ्या देखण्या आलेखात औषधाबरोबर हळदही होती. तीही अल्ब्युमिनला चिकटते, चमक उतरवते.

आलेख पुसला. बाईंच्या साबणाने कोपरापर्यंत हात घासले, मेंढी बाहेरच्या नळावर धुतली, नवं औषध विरघळवलं. प्रथिन जेमतेम उरलं होतं. संध्याकाळी यंत्र बंद व्हायच्या आत दुसरा आलेख आला: चमक हळूहळू, कुरकुरत उतरलेली. दिसायला सामान्य, पण औषधाची.

"चिकटलं का मग?" धुळाप्पांनी विचारलं.

"चिकटलं. बरंचसं प्रथिनाला धरून रक्तातच राहतं, मोकळं थोडंच फिरतं."

"घरजावयागत म्हना की."

म्हटलं, थोडंफार तसंच. पण ती का लंगडते, ते यातून कळत नाही, हेही सांगितलं.

घरी आल्यावर तो साधा आलेख मी प्रबंधात घातला. देखणा आलेख अजून डोळ्यांसमोर येतो. धुळाप्पांनी प्रश्न विचारला नसता तर मी तोच घातला असता. परवा त्यांना फोन करून मेंढीची चौकशी केली.

"खुरात काटा घावला डॉक्टरला. चालती आता," ते म्हणाले. "पर आंधार पडला की वस्तीवरली मानसं येऊन बसत्यात तिच्याम्होरं, चमकती का बघाया. धुतली म्हनून सांगितलं मी. तरीबी बसत्यात."

"आणि तुम्ही?"

"मी बी बसतो की."