दुखण्याची नोंद

हल्ली माझा जीव थाऱ्यावर नसतो. वर्गात फळ्यावर लिहितानाही एक डोळा फोनवर असतो. खिडकीतून तिरोड्याच्या वीज प्रकल्पाची धुराडी दिसतात. आज धूर कुणीकडे चालला ते पोरं मला सांगतात आणि मी नुसतं हो हो करते.

माझ्या धाकट्या बहिणीला सिकलसेल आहे. शाळेत असतानाच आम्हा दोघींचं रक्त तपासलं होतं. मला पिवळं कार्ड मिळालं, म्हणजे आजार नाही, पण पोराबाळांत जाऊ शकतो. तिला लाल मिळालं. आईने ते लाल कार्ड तांदळाच्या कोठीमागे ढकललं आणि मला बजावलं, "कोणाले सांगू नोको. पोरीचं लगीन जुळन नाही."

तेव्हापासून आमच्या घरी तिच्या दुखण्याचं नाव 'ताप'. हाडांत कळा सुटल्या की ती उशी दातात धरायची. आई गरम रेतीच्या पुरचुंडीने शेकायची, मी मेडिकलमधून गोळ्या आणायची. सरकारी दवाखान्यात न्यायचं नाही, तिथे गावातलं कोणीतरी भेटतंच. तिच्या कॉलेजच्या रजेचे अर्जही मीच लिहायची. प्रत्येक अर्जात ताप, आणि तोही वळणदार अक्षरात.

या उन्हाळ्यात कळलं, की नागपूरच्या एका दवाखान्यात सिकलसेलच्या नव्या उपचाराची चाचणी होणार आहे. आईला न विचारता मी बहिणीला घेऊन गेले. डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. रक्त तयार करणाऱ्या तिच्याच पेशी बाहेर काढायच्या, निकामी केलेल्या विषाणूकरवी त्यांच्यात चांगलं जनुक पोचवायचं आणि त्या पेशी परत तिच्या अंगात सोडायच्या. मधे फार जबर औषधं. केस जातील, कदाचित मूल होणार नाही, गुण येईलच असंही नाही.

"चालन," बहीण म्हणाली. "अशीबी मरूनच राहिली मी."

मग बाईंनी मागच्या दोन वर्षांतले दवाखान्यात भरती झाल्याचे कागद मागितले. त्रास किती वेळा झाला, हे त्यावरूनच ठरतं, आणि वारंवार त्रास होणाऱ्यांनाच चाचणीत घेतात. आमच्याकडे एकही कागद नव्हता.

"मी डोळ्यांनी पाहिलंय हो," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता.

"विश्वास आहे ताई, पण नोंद लागते. चाचणीची यादी दिवाळीपर्यंत खुली आहे. आता त्रास झाला की लगेच भरती करा."

घरी येऊन मी आईवर तोंडसुख घेतलं. मग मला स्वतःचीच चीड आली, अर्ज काय तिने लिहिले होते?

तेव्हापासून बहिणीला एकदाही त्रास झालेला नाही. धानाच्या बांधीवर कामाला जाते, पोटभर जेवते, शेजारणीशी खिदळते. मी शाळेतून आले की चप्पल काढायच्या आधी विचारते, "आज कसं आहे?" ती म्हणते, "बरं वाटून राहिलं." आणि माझा जीव आणखीच खालीवर होतो.

काल तिने विचारलंच. "ताई, मी बरी आहो म्हटलं की तुझा चेहरा काऊन उतरते?"

आई चुलीपाशी होती, तिचे हात थांबले. मी खोटं बोलले नाही. म्हटलं, "दिवाळीच्या आत तुला दुखायला पाहिजे."